बारा वासरांची चुनी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिंकत होता. एक नाही, दोन नाही... सलग सात. जानेवारीत पुलगावच्या दालमिलमध्ये नवी तूर यायला लागली की अशी धूळ उडते की समोरचा माणूस पिवळा दिसतो. त्या पिवळ्या धुळीत तो पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. आठवी शिंक येते की नाही याची वाट बघत होता. आठवी आली नाही. त्यानं डोळे उघडले आणि समोर मी.

"काय पायजे जी?" त्यानं विचारलं. डोळ्यांत पाणी, नाक लालभडक.

"चुनी," मी म्हटलं.

तुरीची डाळ करताना खाली जो चुरा आणि टरफलं उरतात, ती चुनी. डाळ माणसांना, चुनी जनावरांना. गल्ल्यावर अण्णाजी बसले होते, मिलचे मालक आणि या शिंकणाऱ्याचे काका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "काहाले पायजे वं पोरी? गायीले, का बैलाले?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. माझ्याकडे गाय नव्हती आणि बैलही नव्हता. रोहण्याला, बंद पडलेल्या छोट्या रेल्वे लाईनीच्या पलीकडे, टिनाच्या शेडमध्ये माझी बारा डुकरं होती. पांढरी, गुलाबी कानांची, अडीच महिन्यांची. मी त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, वही भरून टिपणं काढली होती आणि साऱ्या गावाशी भांडून शेड उभी केली होती. गावाशी भांडायला मी घाबरत नाही. पण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका दुकानात मी 'डुकरांसाठी' म्हणाले, तर तिथल्या माणसानं स्कूटीवर ठेवलेलं पोतं परत आत नेलं होतं. आमचा माल तिथं जात नाही, म्हणाला. पोत्यालाही जात असते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि दुसरं कारण म्हणजे... तो लाल नाकाचा मुलगा माझ्याकडेच बघत होता.

"वासरांले," मी म्हणाले. "बारा हायेत."

"बारा वासरं?" त्याचा चेहरा असा खुलला, जणू मी ती बाराही त्यालाच देऊन टाकली. त्यानं खिशातून निळा मार्कर काढला आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — वासरं १२. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पोत्यावर तो असं लिहायचा. मग चाळीस किलोचं ते धूड त्यानं माझ्या स्कूटीवर पायाशी अलगद ठेवलं. नाव रजत, हे मला मागून कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. घरी येईपर्यंत मी स्वतःला तीनदा समजावलं, की एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

एक पोतं मला आठ दिवस पुरायचं. त्यात मी तांदळाचा कोंडा मिसळायचे आणि भाजून भरडलेलं सोयाबीन घालायचे, कारण कच्चं सोयाबीन डुकरांना पचत नाही. दर रविवारी आईच्या शिलाई मशीनवरचा टेप घेऊन एकेकाची छाती मोजायचे. शेडच्या दाराशी लाल औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असायचं. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, असा माझा कडक नियम होता. तो मोडायला कुणी येतही नव्हतं. आजवर त्या घमेल्यात माझे, आईचे आणि जनावरांच्या डॉक्टर छाया मॅडमचेच पाय पडले होते.

तर, आठ दिवसांचं पोतं मला हळूहळू पाच दिवस पुरायला लागलं. डुकरं तेवढीच खात होती. मीच उरलेली चुनी डब्यांत, टोपल्यांत आणि आईच्या जुन्या सुटकेसमध्ये भरून ठेवत होते. आईनं एक दिवस सुटकेस उघडली आणि मला विचारलं, चुनीतच झोपायचा विचार आहे का तुझा? काय सांगणार? सकाळी उठल्यापासून माझा पाय घरात ठरत नव्हता. स्कूटीची किल्ली दिसली की हात आपोआप तिच्याकडे जायचा.

मिलमध्ये गेले की तो वासरांची चौकशी करायचा. त्यालाही वासरांचं वेड होतं. विरूळला त्यांच्या घरी चांदी नावाची गाय होती. वाटणीत ती दुसऱ्या घरी गेली, आणि हा काकाकडे पुलगावला आला. मिलमध्ये सगळं आहे, फक्त जनावर नाही, असं तो म्हणायचा. हे ऐकून मला माझ्या खोट्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी आणखी खोटं बोलायचे.

"नावं ठेवली का नाई?"

"एकाचं नाव सरपंच हाय."

"वासराचं?"

"पयले खाते, मंग दुसऱ्याले ढकलते, अन मंग झोपते."

तो इतका हसला की शिवत असलेल्या पोत्याची शिवण सुटली. "अन झोपतेत कशी?"

"एकमेकाच्या आंगावर."

"वासरं?" तो थांबला. त्यानं मान तिरकी केली. "एकमेकाच्या आंगावर?"

"थंडी हाय ना जी..." मी म्हटलं.

"तुमची वासरं लय न्यारी हायेत. मले पाहाची हायेत."

"दाखवीन. पण आता नाई... ते लाजतेत."

"ते लाजतेत, का त्याइची मालकीण लाजते?"

मी स्कूटीची किक मारायला लागले. स्कूटीला बटण असताना किक मारणारी मी एकटीच असेन. तो मागून हसत होता आणि माझे कान माझ्या डुकरांच्या कानांइतके गुलाबी झाले होते.

फेब्रुवारीत एका दुपारी आभाळ अचानक भरून आलं. मिलच्या अंगणात तूर वाळत पडली होती, हमाल जेवायला गेलेले, आणि टपटप थेंब सुरू झाले. रजत ताडपत्री ओढत धावला. मी दुसरं टोक पकडलं. वारा ताडपत्री आमच्या हातातून हिसकत होता, आणि आम्ही दोघं तिच्या दोन टोकांना लटकून तुरीच्या ढिगाभोवती गोल फिरत होतो. शेवटी ती कशीबशी अंथरली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. चौथ्या दगडावर त्याचा हात आणि माझा हात एकाच वेळी पडला... आणि तिथंच राहिला. ओल्या तुरीचा कच्चा वास येत होता. त्याच्या पापणीवर पिवळी धूळ होती आणि धुळीवर एक थेंब.

"रक्षा," तो म्हणाला. आजवर त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. "पुढच्या खेपेपासून तुमची चुनी खास राहीन. मी सोता भरीन."

मला तो आवडतो, हे मला त्या दगडाजवळ कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की हा मुलगा ज्या मुलीचा हात धरून बसलाय तिच्या गोठ्यात बारा वासरं आहेत. ती मुलगी मी नव्हते. मी हात काढून घेतला आणि पाऊस थांबायच्या आत निघाले. वाटेत चिंब भिजले.

त्यानंतर दर वेळी ठरवून जायचे, की आज सांगून टाकायचं. रेल्वे फाटकापर्यंत माझी वाक्यं तयार असायची. मिलच्या दारात त्याचं हसू दिसलं की सगळी सांडायची. तो माझं पोतं वेगळं काढून ठेवायचा, त्याचं तोंड लाल सुतळीनं बांधलेलं असायचं. चुनी जरा काळसर वाटायची, तेलकट वास यायचा. कधी कापसाचा धागा निघायचा. पण आमच्या भागात कापसाचा धागा कुठे निघत नाही? चहात निघतो. मी म्हटलं, खास आहे ना... असेल.

पाच आठवडे असेच गेले. मार्च संपत आला, आणि एका सकाळी सरपंचानं गव्हाणीकडे पाठ फिरवली.

खाण्यात पहिला नंबर असणारं जनावर. मी त्याच्यासमोर बसले, हातानं भरवायला गेले, त्यानं तोंड वळवलं. त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी चार जण तसेच धापा टाकायला लागले. छाया मॅडम आल्या, पाय बुडवून आत गेल्या, एकेकाच्या छातीला कान लावला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, सरकीची ढेप देतेस का?

मी जवळजवळ चिडले. सरकीचं तेल काढल्यावर जी ढेप उरते, ती आमच्याकडे गाय व्याली की देतात, बैल थकला की देतात. गाईचं पोट ती पचवतं. डुकराला मात्र तीच ढेप रोज थोडी थोडी गेली तर विष होते, हृदय थकून जातं. हे प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं. माझ्या वहीत त्याखाली दोन लाल रेघा आहेत. मी वही आणून दाखवली. मॅडमनी लोहाची इंजेक्शनं दिली, सगळं खाद्य ताबडतोब बदल म्हणाल्या, आणि जाताना म्हणाल्या, तरी एकदा चाळून बघ.

सकाळी मी अंगणात जुनं लुगडं अंथरलं, लाल सुतळी सोडली आणि पोतं ओतलं. आई चाळत होती, मी वेचत होते. टरफलांमधून बारीक कुटलेले तपकिरी तुकडे निघाले. प्रत्येक तुकड्याला पांढरी लव. आईनं एक तुकडा नाकाशी नेला. "ढेप हाय वं," ती म्हणाली.

मी मिलमध्ये कशी पोचले ते आठवत नाही. गल्ल्यासमोर सात-आठ शेतकरी उभे होते, अण्णाजी चहा पीत होते. मी मूठ उघडून ते तुकडे त्यांच्या टेबलावर टाकले आणि विचारलं, ही भेसळ कुणी केली? आवाज ऐकून रजत थप्पीमागून आला. त्यानं टेबलावरचे तुकडे पाहिले... आणि तो चक्क लाजला.

"समजलं का तुमाले?" तो हळूच म्हणाला. "पाच हप्त्यांपासून टाकून राह्यलो. माह्या हातानं कुटून. आई म्हने, ढेपीशिवाय वासराच्या आंगावर तेज नाई येत. वासरं चमकली का मंग सांगणार होतो तुमाले..."

मी घरून भांडणाची इतकी वाक्यं आणली होती, त्यातलं एकही उपयोगाचं राहिलं नाही. याच्यावर कसं ओरडायचं? त्यानं त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं ते मला दिलं होतं. मी सांगितलेल्या खोट्या वासरांना दिलं होतं.

"वासरं नाई हायेत," मी म्हणाले.

"काय?"

"डुकरं हायेत. बारा. ढेप डुकराले जहर हाय, रजत. मरून राह्यले ते. तू काऊन टाकली... अन मी काऊन खोटं बोलली..."

मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, आणि तेही अशा वेळी. मागे चक्की घरघरत होती. एक शेतकरी माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला. अण्णाजींनी चहाचा कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. रजत स्वतःच्या हातांकडे बघत होता, ज्या हातांनी ढेप कुटली त्या हातांकडे. मी थोडी थांबले. त्यानं वर पाहिलं असतं तरी मला पुरलं असतं. त्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरपंच गेला. सगळ्यात हावरट, म्हणून सगळ्यात जास्त ढेप त्यानंच खाल्ली होती. मी आणि आईनं शेडमागे खोल खड्डा केला, चुना टाकला, माती लोटली. आईनं माझ्या डोक्यावरची माती झटकली, आणि तेव्हा मी रडले. सरपंचासाठी रडले, आणि ज्याचा फोन येत नव्हता त्याच्यासाठीही. कुणासाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

ते दिवस मला आठवतात ते पायांनी. मी एका जागी बसलेच नाही. शेड धुतली, गव्हाणी घासल्या, पुन्हा धुतली. आभाळ भरून यायचं, उकडायचं, आणि पाऊस न पडताच निघून जायचं. फोन वाजत नाही म्हणून मी तो कोंड्याच्या डब्यात ठेवला, आणि वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून काढला. आपला राग कुणावर आहे हेच ठरत नव्हतं. दुकानातल्या त्या पोतं उचलून नेणाऱ्या माणसावर? रजतवर? मला माझी सगळ्यात जास्त चीड यायची. गावाशी भांडणारी मी, एका लाल नाकापुढे माझ्याच जनावरांना नाकारून बसले होते. दरम्यान उरलेली अकरा हळूहळू खायला लागली. छाया मॅडम फोनवर विचारायच्या, किती खातात, कसा श्वास आहे. एकदा त्यांनी विचारलं, जेवलीस का तू? मला वाटलं, किती मायाळू बाई.

पाचव्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला.

रजत उतरला. पाच दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि हाताच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यानं मागचं फळकट सोडलं. आत तीन पोती होती. प्रत्येकावर निळी अक्षरं, आधीपेक्षा दुप्पट मोठी, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी — डुकरं ११.

"तुले कसं माईत अकरा?" मी विचारलं.

"दवाखान्यातून नंबर घेऊन छाया मॅडमले रोज फोन करून राह्यलो. काय द्याचं, काय नाई, सारं लिहून घेतलं. तू जेवली का, ते बी त्याइलेच इचाराले लावलं. चुनी मीच चाळली, दोन-दोनदा. कोंडा बी आनला." तो पोत्याकडे बघूनच बोलत होता. "गल्ल्यापुढं बसून लिहिलं हे. काका म्हने, मिलचं नाव खराब होईन, पुस ते. मी म्हनलो, आपल्याले कोन खाते, ते चुनीले मालूम नाई."

"मंग?"

"मंग काय... दोन दिवस बोलले नाई. आज टेम्पोची चाबी त्याइनंच देली."

मला हसू येत होतं आणि ते मी येऊ देणार नव्हते. "मले फोन काऊन नाई केला? मी इथं मरून राह्यली होती."

"कोन्त्या तोंडानं करू? माह्या हातानं गेलं ते लेकरू." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू डुकरं पाळते याचं मले काईच नाई, रक्षा. पन तुले वाटलं का मी तोंड फिरवीन. ते लागलं. अन मंग मिलमदी मी खरंच खाली पाहात राह्यलो... ते तुले लागलं असन."

"लागलं," मी म्हणाले. लपवायचं काय आता. "अन मी बी चुकली. मले तू आवडते. म्हनून खोटं बोलली. अन त्या खोट्यापायी सरपंच गेला."

हे असं, कोंड्याच्या पोत्याशेजारी, आईच्या देखत बोलून झालं. आई चाळणी घेऊन उगाच घरात गेली. शेडमधून अकरा नाकं गजांतून बाहेर येऊन नव्या चुनीचा वास घेत होती. रजत त्यांच्याकडे बघत राहिला, जसा तो पहिल्या दिवशी 'बारा वासरं' ऐकून बघत राहिला होता.

"बाराव्याची जागा खाली हाय ना?" त्यानं विचारलं.

"हाय."

"मले घेशीन? मी कमी खातो."

"लोळता येते?"

"शिकीन."

"गुपचूप काई टाकाचं नाई. खास असो का काई असो. पयले मले इचाराचं."

"नाई टाकत. अन तू?"

"मी खोटं नाई बोलनार," मी म्हणाले. मग घमेलं पायानं त्याच्याकडे सरकवलं. "पाय बुडव अन आत चल."

त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन्ही पाय लाल पाण्यात ठेवून आज्ञाधारक मुलासारखा उभा राहिला. मी एक पोतं सोडलं. चुनीची धूळ उडाली, उन्हात पिवळी झाली, आणि त्यानं नाक आक्रसलं. सात शिंका झाल्या. मग तो डोळे मिटून, तोंड अर्धं उघडं ठेवून थांबला. मीही त्याचा भेगाळलेला हात धरून थांबले.

या वेळी आठवी आली.